लाकडास रंग देण्यापूर्वी

ज्या मुलुखातील साग अंगच्या रंगामुळेच देशभर ओळखला जातो, त्या मुलुखात बसून लाकडाला बाहेरून रंग देण्याच्या विद्येवर पुस्तक लिहावे, हा उपद्व्याप पुष्कळांना अनाठायी वाटेल. आणि तसे वाटणाऱ्यांत येथील जाणते वाढई अग्रभागी असतील, हे मी जाणून आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकाच हद्दीत नांदत होते, आणि त्या जुन्या चांदा जिल्ह्याचा सागवान ज्या मध्यप्रांताच्या नावाने पेठेत गाजला, तो प्रांत राज्यकारभाराच्या नकाशावरून केव्हाच पुसला गेला. तरी मुंबई-पुण्याच्या वखारींतून येथील लाकूड अद्यापही ‘सी.पी. टीक’ या नावानेच विकले जाते, आणि ते नाव उच्चारताच दरही चढतो. १९२९ साली काझीपेठ-बल्लारशा हा लोहमार्गाचा दुवा जुळला व बल्लारशा उत्तर-दक्षिण हमरस्त्यावरचे ठाणे झाले. अगदी अलीकडे, २९ मार्च २०२३ रोजी, अयोध्येच्या राममंदिराच्या कामासाठी येथील सागाची पहिली रवानगी विधिपूर्वक पूजन होऊन बल्लारपुराहून निघाली, ही वार्ता वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचलीच आहे. आलापल्लीच्या अरण्यात कुऱ्हाडीपासून राखून ठेवलेला जुन्या सागाचा जो तुकडा ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणून प्रसिद्ध आहे व ज्याला २०१४ साली जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला, तेथे उभे राहून वर पाहिल्यावर या झाडाच्या फळीवर कोणी डबा उघडून ‘वॉलनट’ नावाचे तपकिरी पाणी फासावे, ही कल्पना मनाला रुचत नाही, हे मीही मान्य करतो.

आणि तरीही हे पुस्तक लिहिले आहे. त्याचे कारण असे की, आलापल्लीचा तो महावृक्ष आणि आपल्या घरातील कपाट यांच्यामध्ये लिलाव, आरागिरणी, वखार, ठेकेदार आणि गिऱ्हाइकाचा खिसा एवढ्या पायऱ्या आहेत, आणि या पायऱ्या उतरता उतरता लाकडाचा दर्जा व त्याचा रंग दोन्ही बदलत जातात. पूर्ण वाढलेल्या झाडाचा निव्वळ गाभा ज्याला परवडतो तो मनुष्य विरळा. बाकीच्यांच्या वाट्याला लागवडीतील कमी वयाचा साग येतो. १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने व वनखात्याने वाढविलेल्या रोपवनांतून विरळणीच्या वेळी जे लाकूड निघते, त्यात सोनेरी गाभ्याभोवती पांढरट थराचा वाटा साहजिकच अधिक असतो. एकाच फळीत अर्धा भाग मधाच्या रंगाचा आणि कडेची दोन बोटे ताकाच्या रंगाची, अशी ती फळी दरवाजाच्या दिल्ह्यात बसली की दोष सुताराचा नसतानाही बोल त्यालाच लागतो. येथे रंगाचे पहिले व माझ्या मते सर्वांत निर्दोष प्रयोजन उत्पन्न होते: एकाच झाडाच्या दोन भागांना एकमेकांच्या जवळ आणणे. मात्र रंगाने पांढऱ्या भागाला गाभ्याचे रूप येते, त्याचे आयुष्य येत नाही. वाळवी आणि भुंगेरे यांना रंग दिसत नाही. त्यांना त्या भागातील पिष्ट कळते. म्हणून जेथे ओल किंवा माती लागणार आहे, अशा चौकटीच्या पायथ्याशी पांढरा भाग ठेवून वर गडद रंग चढविणे ही लबाडी आहे, आणि या पुस्तकातील कोणतीही कृती तिच्यासाठी वापरली जाऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

सागाखेरीज येथील रानात जे लाकूड आहे त्याचा विचार केल्यावाचून रंगाचा विचार पुरा होत नाही. ऐनाचा गाभा मुळातच गडद तपकिरी व रेघारेघांचा. त्याला रंगाची गरज नाही, आणि दिला तरी तो दिसत नाही. तेंदूचा काळा गाभा मिळाला तर त्यावर तेलाचा हात पुरे. शिवण फिकट, हलकी आणि मवाळ, तिच्यावर कोणताही रंग उमटतो. हळदू नावाप्रमाणे पिवळसर व इतक्या बारीक छिद्रांचा असतो, की त्यावर गडद भुकटीचा रंग टिकाव धरीत नाही. फडक्याबरोबर पुसून निघतो. बीज्याची गोष्ट निराळीच आहे. बीज्याचा भुसा किंवा ढलपा पेल्यात भिजत घातला तर पाण्यावर निळसर झाक येते, आणि त्या लाकडाच्या पेल्यातील पाणी मधुमेहावर औषध म्हणून पिणारे लोक आजही आहेत. परंतु सुताराच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की, या लाकडातील रंग पाण्यात सुटतो. बीज्याच्या पाटावर पाण्यातला रंग चढवू गेले तर लाकूड आपलाच पिवळेपणा ओकते, फडके डागाळते आणि शेजारच्या शिवणीच्या पट्टीवर ओघळ जातात. तेथे आधी चपड्याचा, म्हणजे लाखेच्या राळेचा, पातळ हात मारून लाकूड बंद करणे हाच मार्ग. चंद्रपूर भागातील एका वयोवृद्ध वाढयाने हा सगळा अध्याय एका वाक्यात आटोपला होता: “पहिले लाकूड पाहा जी, मंग डबा खोला.”

आता डब्याकडे वळू. बाजारात ‘स्टेन’ या एकाच नावाखाली दोन भिन्न प्रकृतींचे पदार्थ विकले जातात, आणि बहुतेक कामे बिघडतात ती हा भेद न कळल्यामुळे. पहिला प्रकार रंजकाचा: तो पाण्यात, स्पिरिटात किंवा तेलात पूर्णपणे विरघळतो, मिठाप्रमाणे त्याचा कणही उरत नाही, आणि द्रावणाबरोबर तो लाकडाच्या पेशीभित्तींपर्यंत शिरतो. दुसरा प्रकार रंगद्रव्याचा: गेरू, रामरज, पिवडी, काजळी, भाजलेली अंबर माती हे सर्व त्याच जातीचे. त्यांचे कण विरघळत नाहीत, द्रवात तरंगतात, थोडा वेळ डबा स्थिर ठेवला की तळाशी बसतात. लाकडावर ते छिद्रांत व ओरखड्यांत अडकून राहतात आणि त्यांना धरून ठेवण्यासाठी तेलाचा किंवा राळेचा बंध लागतो. हा भेद प्रयोगशाळेतला वाटला तरी सागाच्या फळीवर तो डोळ्यांनी दिसतो. साग वलयरंध्री वृक्ष आहे. म्हणजे प्रत्येक वर्षाच्या वाढीच्या आरंभी त्यात मोठी छिद्रे पडतात आणि नंतरचा भाग घट्ट होतो. ताज्या रंधलेल्या फळीवर मातीचा रंग चोळून फडक्याने पुसा: मोठ्या छिद्रांच्या ओळीत रंग दडून बसतो, घट्ट भाग जवळजवळ कोरा राहतो, आणि रेषा इतक्या ठसठशीत होतात की फळी एकाएकी वयाने वाढल्यासारखी दिसते. त्याच फळीच्या दुसऱ्या तुकड्यावर पाण्यात विरघळलेले रंजक चढवा: छिद्रे आणि घट्ट भाग दोन्ही रंगतात, एकूण छटा बदलते, रेषा मूळच्याच राहतात व लाकडाची चमक झाकली जात नाही. ज्याला रेषा उठवावयाच्या आहेत त्याने रंगद्रव्य घ्यावे. ज्याला पांढरा भाग गाभ्याशी जुळवावयाचा आहे त्याने रंजक घ्यावे, आणि ते फक्त पांढऱ्या भागावरच, बारीक कुंचल्याने, दोन-तीन पातळ हातांत चढवावे. एकाच गडद हाताने छटा जुळविण्याचा मोह आवरावा. ती नेहमी एक घर पुढे जाते.

पारदर्शकतेची किंमत रंजकाला उन्हात मोजावी लागते. मातीचे रंग उन्हाला भीत नाहीत. गेरूने सारवलेल्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या तांबड्या राहिल्या आहेत. उलट बहुतेक जुनी विरघळणारी रंजके खिडकीजवळ ठेवलेल्या टेबलावरून एक-दोन उन्हाळ्यांत उडून जातात, आणि वर ठेवलेल्या फुलदाणीच्या तळाएवढा गडद गोल तेवढा मागे राहतो. हल्लीच्या धातुसंयुक्त रंजकांची तग यापेक्षा बरीच अधिक आहे. डबा घेताना ‘लाइटफास्ट’ हा शब्द वाचून घ्यावा.

या प्रसंगी इतिहासाचा एक धागा सांगण्याचा मोह होतो. १८५६ साली विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याने कोयनेल बनविण्याच्या खटपटीत डांबरापासून जांभळा रंग काढला, आणि १८६८ साली ग्रेब व लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेतील अलिझरिन हे रंजक कृत्रिम रीतीने तयार केले; तेव्हापासून वनस्पतिजन्य रंगांची सद्दी संपत गेली, हे सर्वश्रुत आहे. कमी श्रुत आहे ते हे की, अलिझरिन ज्या अँथ्राक्विनोन कुळातील आहे, त्याच कुळातील लाखेच्या किड्याचा तांबडा रंग आहे, आणि त्याच कुळातील टेक्टोक्विनोन हे द्रव्य सागाच्या गाभ्यात असून वाळवीला जे त्याचे वावडे आहे त्यात या द्रव्याचा वाटा आहे. सागाचे कोवळे पान तळहातावर चुरडले तर बोटे रक्तासारखी तांबडी होतात, हा खेळ येथील प्रत्येक पोराला ठाऊक आहे.

या पुस्तकाचा जो भाग लिहिताना मला सर्वाधिक आनंद झाला तो रानातल्या रंगांचा, आणि म्हणूनच त्या भागाबद्दल वाचकाला सावध करणेही मला अवश्य वाटते. नैसर्गिक म्हणजे निर्दोष आणि टिकाऊ, अशी जी समजूत सांप्रत फोफावली आहे तिला माझा पाठिंबा नाही. पळसाची फुले उकळून निघणारे केशरी पाणी होळीच्या अंगरख्याला शोभते. लाकडावर ते पहिल्या दिवशी अप्रतिम दिसते आणि उन्हात फार थोड्या काळात फिके पडते. हळदीची तऱ्हा त्याहून वाईट. बिब्याचा रस काळा आणि पक्का खरा, परटांनी कपड्यांवर खुणा करण्यासाठी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला. परंतु तो अंगाला लागला तर फोड उठतात, आणि ज्या वस्तूला माणसाचा हात लागणार तिच्यासाठी तो सर्वथा वर्ज्य समजावा. कात मात्र कामाचा आहे. खैराच्या गाभ्याचे ढलपे उकळून आटवलेला हा पदार्थ कोमट पाण्यात विरघळवून फिकट लाकडावर लावला तर ऊबदार तपकिरी छटा येते, आणि त्यावर चुन्याची विरळ निवळी फिरवली तर ती तांबूसपणाकडे झुकते; पान खाणाऱ्यांच्या ओठांवर जे रसायन घडते तेच येथे फळीवर घडते.

सर्वांत भरवशाची रीत हिरड्याची. हिरड्याच्या फळात कषायद्रव्य भरपूर, तीसेक टक्क्यांच्या आसपास असते, आणि कषायाची लोखंडाशी गाठ पडली की निळसर काळा रंग उत्पन्न होतो. जुन्या दप्तरांतली शाई याच न्यायाने बनत असे. कृती अशी: कुटलेला हिरडा रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी मंद आचेवर उकळावा व गाळून घ्यावा. दुसरीकडे, काचेच्या बरणीत व्हिनेगर घालून त्यात गंजलेले खिळे किंवा लोखंडाचा कीस टाकून बरणीचे तोंड कापडाने सैल बांधून काही दिवस ठेवावे. झाकण घट्ट लावू नये, कारण आत वायू तयार होतो. लाकडावर प्रथम हिरड्याचा काढा लावावा, सुकू द्यावा, मग गाळलेले लोहजल फिरवावे. शिवणीसारख्या फिकट लाकडावर पाहत राहावे असे हे दृश्य असते: ओला हात फिरतो तेव्हा फळी जेमतेम करडी होते, मग कडांपासून राखाडी, जांभळट आणि शेवटी काळा असा रंग चढत जातो, आणि तो वरून लावलेला वाटत नाही, आतून आल्यासारखा वाटतो. नुसत्या सागावर हिरड्यावाचून हेच लोहजल लावले तर राखेरी, मळकट छटा येते, जी कोणाला आवडेल व कोणाला नाही. रंग हवा तेवढा आला की फळी स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण वाळवावी. हा काळा रंग लोखंड आणि कषाय यांच्या संयोगाने लाकडातच घडलेला असल्यामुळे उन्हाला दाद देत नाही. याच रासायनिक मार्गाने जाणारी दुसरी रीत पोटॅशियम डायक्रोमेटची आहे व जुन्या इंग्रजी पुस्तकांतून तिची स्तुती आढळते. परंतु ते द्रव्य विषारी व कर्करोगकारक आहे, आणि घरच्या ओसरीवर काम करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. या पुस्तकात तिची कृती मी हेतुपुरस्सर दिलेली नाही.

लाखेचा उल्लेख वर आलाच. पळस आणि कुसुम ही लाखेच्या किड्याची आवडती झाडे, आणि दोन्ही येथील रानात विपुल. लाखेतील तांबडा रंग धुऊन काढल्यावर जी राळ उरते तिचाच चपडा होतो; या एकाच किड्यापासून रंग आणि रंगावरचे झाकण दोन्ही मिळावीत, हे निसर्गाचे औदार्य म्हणावे लागेल. या विषयाच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली स्वतंत्र संशोधनसंस्था निघाली. लिटरभर स्पिरिटात पाव किलोच्या आसपास चपडा रात्रभर विरघळू दिला की घरगुती पॉलिशची सिद्धता झाली. त्याचा एक नियम कारागिरांच्या तोंडी असतो, पण पुस्तकांतून क्वचितच स्पष्ट केलेला आढळतो: खालचा रंग ज्या द्रवात विरघळलेला आहे, त्याच द्रवातले पॉलिश वरून चढवू नये. स्पिरिटातले रंजक लावून त्यावर स्पिरिटातल्या चपड्याचा बोळा फिरवला तर बोळा खालचा रंग उचलतो व पुढच्या घासात दुसरीकडे नेऊन टाकतो. फळीवर ढग उठतात. पाण्यातला रंग असेल तर चपडा निर्धास्त चालतो. एवढा एक नियम पाळला तर निम्मी कामे वाचतील.

ढग उठण्याचे दुसरे कारण ऋतू. येथील हवामान टोकाचे आहे. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि अशा उन्हात दुपारी रंग द्यावयास बसले तर कुंचल्याचा एक घास पुढच्या घासाला मिळण्यापूर्वीच वाळतो व फळीवर पट्टे दिसतात. ते काम पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, आणि रुंद फळी असेल तर एका दमात टोकापासून टोकापर्यंत, न थांबता करावे. आषाढ-श्रावणात याच्या उलट. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड करते, थंड पृष्ठभागावर हवेतली ओल धरते, आणि चपड्याच्या थरात पांढरी धुई अडकून बसते. शिवाय पावसाळ्यात लाकूडही ओल घेऊन फुगते. बैठकीच्या सामानाच्या लाकडात ओलीचे प्रमाण बाराएक टक्क्यांच्या आसपास आले म्हणजे रंगाला हात घालावा, असा संकेत आहे. ते मोजण्याचे यंत्र नसेल तर दिवाळी ते होळी हा काळ धरून चालावा. गिऱ्हाईक पोळ्याच्या आत कपाट मागत असेल तर त्याला हे समजावून सांगण्याचे कर्तव्य कारागिराचे आहे, आणि ते कोणी करीत नाही, ही माझी तक्रार आहे.

पोळ्यावरून तान्ह्या पोळ्याचे सुचते. विदर्भातील बालके पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवतात, आणि हा बैल बहुधा लेकराच्या तोंडात जाणारी पहिली रंगीत वस्तू असते. जुन्या पिवळ्या व तांबड्या तैलरंगांतून शिशाची संयुगे असत; घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांवर जाऊ नये असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला व तो पुढील वर्षी अमलात आला. माळ्यावर पडलेल्या जुन्या डब्यांना तो नियम लागू होत नाही, हे आजोबांनी ध्यानात ठेवावे. खेळण्यासाठी काताचा किंवा खाद्यरंगाचा हात व त्यावर चपडा, एवढे पुरे. शेजारच्या तेलंगणात निर्मळ येथे पोनिकीच्या हलक्या लाकडावर चिंचोक्याच्या खळीचा लेप देऊन खेळणी रंगविण्याची प्रथा आहे. तेथे लाकूड झाकणे हाच उद्देश असल्यामुळे तो मार्ग आपल्या विषयाच्या बाहेरचा आहे. पण तो कमी दर्जाचा नव्हे: ज्या लाकडाला दाखविण्यासारखी रेषाच नाही त्याला सरळ रंगवून टाकणे प्रामाणिकपणाचे असते.

अप्रामाणिकपणा कशात आहे ते सांगितलेच पाहिजे. सरकारी आगारातून लिलावाने निघालेल्या मालावर हातोड्याची खूण असते, आणि वाहतूक-परवान्यावर त्याची नोंद असते. परंतु ती खूण फळी चिरताना गळून पडते व परवाना वखारीच्या गल्ल्यात राहतो. त्यापुढे गिऱ्हाइकाला दिसतो तो फक्त रंग. ‘टीक’ नावाच्या छटेचे तपकिरी पाणी कोणत्याही फिकट लाकडाला घटकाभर सागपण बहाल करते. पारख करावयाची तर खणाची मागची बाजू किंवा फळीची खालची कड पाहावी, जेथे कुंचला सहसा पोचत नाही. तेथे पटाशीने बारीकसा पापुद्रा काढावा. सागाचा ताजा पापुद्रा बोटांना किंचित तेलकट लागतो व त्याला कमावलेल्या चामड्यासारखा वास येतो. हा वास कोणत्याही डब्यात मिळत नाही.

याच तेलकटपणामुळे सागावर काम करताना एक दक्षता घ्यावी लागते. काचकागदाने घासून झाल्यावर, रंगाच्या अगदी आधी, थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पृष्ठभाग एकदा पुसून काढावा; नाहीतर तेलाचे रंग दिवसेन्‌दिवस चिकट राहतात आणि धूळ धरतात. दुसरी दक्षता धीराची. नुकताच रंधलेला साग हिरवट, ठिकठिकाणी काळसर, अगदी विजोड दिसतो, आणि ते पाहून घाबरलेला नवशिका ताबडतोब गडद रंगाकडे धाव घेतो. तोच साग काही आठवडे उजेडात राहिला की हिरवटपणा जातो व सगळी फळी सोनेरी होत जाते. पुष्कळदा जे काम रंगाकडून करून घ्यावयाचे असते ते सूर्य फुकट करून देतो. सरकारी कचेऱ्यांतील जुन्या खुर्च्या-टेबलांवर जे जवळजवळ काळे पॉलिश दिसते, ज्याखाली कोणत्या झाडाचे लाकूड आहे हेही सांगता येत नाही, ती अभिरुची साहेबांच्या महोगनीच्या आठवणीतून आपल्या अंगवळणी पडली असावी, असा माझा तर्क आहे. ती आता सोडून देण्यास हरकत नाही.

घासण्याविषयी प्रकरण आहेच. येथे एवढेच, की ८०, १२०, १८० व मग २२० क्रमांकाचा कागद अशा चढत्या क्रमाने, नेहमी नसेच्या दिशेने जावे, आणि पाण्यातला रंग देणार असाल तर आधी नुसत्या ओल्या फडक्याने पृष्ठभाग ओला करून उठलेले तंतू वाळल्यावर हलकेच कापून घ्यावेत. फळीची आडवी तोंडे रंग अधाशीपणे पितात. त्यांना आधी चपड्याचा पातळ हात देऊन ठेवावा म्हणजे कोपरे काळे पडणार नाहीत.

एका धोक्याचा उल्लेख मात्र प्रस्तावनेतच करणे मला भाग आहे, कारण पुस्तकाचे शेवटचे प्रकरण सर्वजण वाचतील असा भरवसा नाही. आमच्याकडे जवसाचे तेल घरोघर मिळते, आणि तेलाच्या रंगात व पॉलिशमध्ये त्याचा उपयोग होतो. हे तेल वाळते ते उडून जाऊन नव्हे. हवेतील प्राणवायू शोषून ते घट्ट होते, आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाने माखलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता बोळ्याच्या पोटात कोंडते आणि कोणी काडी न लावता तो बोळा पेट घेऊ शकतो. भुशाच्या ढिगाशेजारी, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडखाली, याचा अर्थ काय होतो ते सांगावयास नको. फडकी एकेक करून दोरीवर पसरून वाळवावीत, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवावीत.

राहिली नमुन्याची गोष्ट. डब्यावरच्या कागदावर छापलेली छटा त्या कारखान्याच्या लाकडाची असते, तुमच्या लाकडाची नव्हे. म्हणून प्रत्येक कामाआधी त्याच फळीचा उरलेला तुकडा घेऊन, तेवढाच घासून, त्यावर रंगाचा एक हात, दोन हात आणि वरचे पॉलिश असे टप्प्याटप्प्याने चढवून पाहावे, आणि मागे रंगाचे नाव, प्रमाण व महिना लिहून तो तुकडा जपून ठेवावा. पुस्तकात दिलेली प्रमाणे या दोन जिल्ह्यांत मिळणाऱ्या लाकडावर व येथील हवेत पडताळलेली आहेत. कोकणात किंवा घाटमाथ्यावर ती जशीच्या तशी लागू पडतीलच असे नाही. वाचकांनी ती आपापल्या लाकडावर तपासून घ्यावीत आणि जेथे फरक आढळेल तेथे बिनदिक्कत खोडून समासात आपले प्रमाण लिहावे. पानांचे समास त्यासाठीच रुंद ठेवले आहेत.